भिंतबाजू

मिस्त्रींच्या कार्यशाळेत ‘उजवं’ आणि ‘डावं’ हे शब्द चालत नसत. बंदूक हातात धरणाऱ्याचं उजवं आणि समोरून बघणाऱ्याचं उजवं यांत घोळ होतो, आणि बंदुकीच्या कामात घोळ परवडत नाही, असं त्यांचं म्हणणं. रायफल टेबलावरच्या व्हाइसच्या जबड्यात आडवी पकडली की तिची एक बाजू भिंतीकडे असे आणि दुसरी मिस्त्रींच्या पोटाकडे. म्हणून भिंतबाजू आणि पोटबाजू. क्लबचे जुने नेमबाजही तसंच बोलत. दुसरा नियम असा, की नळीचं तोंड दाराकडे कधीच करायचं नाही.

तरुणपणी मिस्त्री घड्याळं दुरुस्त करायचे. लोक घड्याळं फेकून नवी घेऊ लागले, तेव्हा नेमबाजी क्लबातल्या या खोलीत आले आणि एकतीस वर्षं इथेच राहिले. लग्न केलं नाही. बहिणीचा नवरा गेल्यावर तिची मुलगी त्यांच्या अंगाखांद्यावर वाढली. ‘मामाकडे खेळणी नव्हती, म्हणून बंदूक धरली,’ असं ती हसत सांगे. आज त्याच भाचीची निवड चाचणी होती. संघात चारच जागा होत्या आणि वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची संधी होती.

चाचणीत आधी लांबची सहा निशाणं दुर्बिणीतून टिपायची आणि त्याच दमात जवळच्या सहा लोखंडी तबकड्या पाडायच्या. जवळचं दुर्बिणीत नीट सापडत नाही. म्हणून दुर्बिणीच्या कडेला, तिरका, लहानसा रेड डॉट बसवतात. रायफल मनगटात जराशी आत कलवली की काचेत लाल ठिपका डोळ्यासमोर येतो. भाची उजव्या खांद्यावरून नेम धरी, म्हणजे रेड डॉट भिंतबाजूला. मिस्त्रींनी सकाळी तो बसवला, स्क्रू कसले आणि रायफल फडक्यात गुंडाळून ठेवली. झिरो, म्हणजे ठिपका आणि गोळी एका जागी जुळवणं, ती आल्यावर करायचं ठरलं होतं.

दीड वाजता भाची आली. तीन वाजता शस्त्रतपासणी होती. तिथे रायफलीला शिक्का लागला की स्क्रूला हात लावायची सोय नव्हती.

तिने रायफल खांद्याला लावली, आत कलवली आणि थांबली.

“मामा, ठिपका कुठाय?”

“चालू कर की. बटण खाली आहे.”

“चालू आहे रे! पण इकडे नाहीच. तिकडे आहे.”

तिने रायफल उलट्या दिशेला, बाहेर कलवून दाखवली. कोपर कोंबडीच्या पंखासारखं वर गेलं आणि दस्ता खांद्यावरून सुटला. असा एकेक नेम धरायला तीन सेकंद लागले असते.

मिस्त्रींनी व्हाइसकडे पाहिलं, मग खिडकीकडे. गेल्या आठवड्यात उजेडासाठी त्यांनी टेबल समोरच्या भिंतीला, खिडकीखाली हलवलं होतं. दार आता दुसऱ्या हाताला आलं होतं, म्हणून नळीचं तोंडही त्यांनी नियमाप्रमाणे फिरवलं होतं. भिंतीला भिंत राहिली, पण तिच्याकडे आता रायफलीची दुसरी बाजू आली. एकतीस वर्षांच्या हाताने डोक्याला न विचारता काम उरकलं होतं.

“माझी चूक,” ते म्हणाले. “दे इकडे.”

तेवढ्यात क्लबचे सेक्रेटरी दारात उभे राहिले. “काय मिस्त्री, घरच्या गिऱ्हाइकाला जास्त वेळ?”

“उलटं बसवलंय साहेब. मीच.”

“तुम्ही? मग तर पाऊसच पडणार आज! तीनला शिक्का, लक्षात आहे ना? मामा-भाचीसाठी घड्याळ थांबत नाही.”

सेक्रेटरी गेले. नुसतं सोडवून पलीकडे लावणं सोपं नव्हतं. पलीकडे दुर्बिणीचा नेम सरकवायचा गोल खटका बाहेर आलेला होता आणि रेड डॉट त्याला अडत होता. दुर्बीण हलवावी, तर तिचं झिरो बिघडलं असतं.

“पुढे लाव ना,” भाची म्हणाली. “पुढच्या दांडीवर हातभर जागा आहे.”

“ती दांडी पकडायला आहे. तू दाबलीस की केसभर वाकते. इथे केसभर म्हणजे तिथे तबकडीच्या बाहेर.”

“मग मागे?”

“मागे तीन खाचा आहेत. बघू.”

पहिल्या खाचेत खटका अडला. दुसऱ्या खाचेत रेड डॉट छान बसला. भाचीने सुस्कारा सोडला, पण मिस्त्रींनी त्याच्या अंगाला खडू फासला.

“हे काय आता? मामा, सव्वादोन झालेत!”

“पाच गोळ्या मार. बोलू नकोस.”

रेंजच्या कोपऱ्यातल्या पट्ट्यावर तिने पाच गोळ्या झाडल्या. रिकाम्या पुंगळ्या त्याच बाजूने उडत होत्या. मिस्त्रींनी चष्मा कपाळावर सरकवून रेड डॉट नाकाशी धरला. खडूवर दोन बारीक ओरखडे होते.

“पुंगळी घासतेय. आत्ता अंगाला घासली, बाराव्या गोळीला काचेवर बसेल.”

“नाही बसणार! राहू दे ना!”

“तिसरी खाच.”

“ती पार डोळ्याशी आहे. भुवईला लागेल.”

“या रायफलीला धक्का आहे का? ठिपक्याला डोळ्यापासूनचं अंतर लागत नाही, तो कुठूनही तिथेच दिसतो. तुला फक्त भीती वाटतेय. ती माझ्याकडे ठेव.”

तिने रायफल त्यांच्यापुढे केली. मिस्त्रींनी तिसऱ्या खाचेत कसलं, पुन्हा खडू फासला, पुन्हा पाच गोळ्या. खडू कोरा राहिला. मग झिरो. दोन गोळ्या खाली, एक डावीकडे, रेड डॉटचे स्क्रू टकटक मोजत फिरवले, आणि शेवटच्या तीन गोळ्या एका बटणाखाली झाकतील अशा बसल्या. तीनला चार मिनिटं असताना तपासनिसाने शिक्का मारला.

चाचणीत ती लांबच्या निशाणांवर रेंगाळली. चौथं चुकलं, तिने ते पुन्हा मारलं आणि त्यात वेळ गेला. मिस्त्री जाळीमागे उभे होते. त्यांची नजर तिच्याकडे नव्हती, पंचाच्या घड्याळाकडे होती. सहावं लांबचं निशाण पडलं तेव्हा चौथी जागा मिळवायला लागणाऱ्या वेळेतले अकरा सेकंद उरले होते आणि तबकड्या होत्या सहा. आता प्रत्येक तबकडीला दोन सेकंदही नव्हते.

तिचं मनगट आत कलंडलं. ठण्ण. ठण्ण. कोपर अंगाशीच होतं. तिसरी. चौथीला ती जराशी थबकली, आणि मिस्त्रींनी जाळीची तार मुठीत आवळली. ठण्ण. पाचवी. सहावीचा आवाज आणि वेळ संपल्याची पंचाची शिट्टी इतकी लागोपाठ आली की आधी काय झालं, ते कुणालाच कळेना.

पंचाने घड्याळ दुसऱ्या पंचाला दाखवलं. दोघं कुजबुजले. “अकरातले दहा पूर्णांक सहा सेकंद,” तो म्हणाला. “चौथा क्रमांक.”

“नशीब जोरात आहे हं तुमचं!” सेक्रेटरी म्हणाले.

“नशीब नाही साहेब. मनगट आहे तिचं.”

भाची धावत आली. मिस्त्री बाकावर बसून पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत होते, पण ते काही केल्या सुटेना.

“दे इकडे,” ती म्हणाली आणि तिने ते उघडून दिलं.