कंडक्टर पायी निघाला

अप्पारावांनी तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली. सारा जन्म उभ्यानं गेला, पण चालून म्हणून कुठं जाणं झालं न्हाई. रिटायर झाल्यावर त्यांच्या डोक्यात सह्याद्रीतला आठ दिवसांचा ट्रेक शिरला. ट्रेकवाल्यांची अट अशी, की साठीपुढच्या माणसानं आधी चार दिवस सलग चालून दाखवायचं. मोबाइल पावलं मोजणार. गाडीत बसलं की नाव कट! मंग काय, पाठीवर सॅक टाकून गडी मंठ्याहून अंकुशनगरला बहिणीकडं पायी निघाला.

आता आपल्याकडं साठीतला माणूस बोचकं घेऊन एकटा रस्त्यानं चालताना दिसला, की लोक बराबर एकच अर्थ काढतात: घरात वाजलंय, बुवा रुसून निघालाय.

पहिल्याच फाट्यावर ओळखीच्या ड्रायव्हरनं बस थांबवली.

"मास्तर, बसा जल्दी."

"न्हाई रे, ट्रेकची तयारी करून राह्यलो."

"असू द्या. भांडणं कोणाच्या घरी होत न्हाईत? पण ह्या वयात एवढा राग बरा न्हाई."

झालं! बस पुढं गेली, तशी बातमीही गेली. टपरीटपरीवर लोक अप्पारावांना चहा पाजून समजूत घालायला लागले. एकानं तर सॅकच मोटारसायकलवर ठेवली. चालून पाय दुखले न्हाईत, तेवढं सांगून सांगून तोंड दुखलं. तिकडं मंठ्यात त्यांच्या बायकोचा, पुष्पाबाईंचा, फोन थांबेना. "वैनी, माणूस देवासारखा आहे, समजून घ्या." बाईंना तोंड दाखवायला जागा उरली न्हाई.

चौथ्या दिवशी अंकुशनगर पाच किलोमीटर राहिलं असताना समोर जीप थांबली. पुष्पाबाई तरातरा उतरल्या. "बसा गाडीत! लई झाली शोभा."

अप्पारावांनी सॅकचे पट्टे आवळले. "अगं, तीस वर्षं लोकांना जायचं तिथली तिकिटं फाडली. एकदा मला जायचंय तिकडं जाऊ दे की."

बाईंनी जीप माघारी धाडली, पदर खोचला आणि चपलेला शिव्या देत नवऱ्याच्या बरोबरीनं चालायला लागल्या.

अर्ध्या तासात एक मोटारसायकलवाला थांबलाच. "अरारा! आता दोघं बी? सुनंनं काढलं का काय?"

अप्पाराव खुलासा करायला गेले, तर बाईंनी त्यांना जोरात चिमटा काढला.

"हो रे बाबा, लई छळती. तू जा पुढं, आम्हाला चालू दे."

त्यांच्या लेकाचं लग्न अजून व्हायचं होतं.