जोडीतला दुसरा मोजा

पडदे शिवणाऱ्या बाईंना एक खूळ होतं. आठवडाभर मशीनवर मान मोडून परक्यांच्या खिडक्यांचे पडदे शिवायचे आणि रविवारी उजाडलं की सायकल काढून तळ्यापर्यंत जाऊन यायचं. पन्नाशी उलटल्यावर शिकलेली सायकल ती! शेजारीपाजारी हसले, हसून हसून दमले, मग त्यांनाही सवय झाली.

शिकवलं नवऱ्यानं. ते टेलिफोनच्या तारा जोडायचे, म्हणून गल्लीत सगळे त्यांना तारवाले म्हणत. केसाएवढ्या तारा ते न बघता नुसत्या बोटांनी ओळखत, आणि सुटी मिळाली की सायकलवर टांग टाकून कुठल्या कुठे भटकत. मग साखरेच्या दुखण्यानं पायांतला जोर गेला आणि बोटं बधिर झाली. सायकल त्यांनी बायकोच्या हवाली केली. स्वतःकडे एकच काम ठेवलं, वाटेत लागली तर म्हणून न्यायच्या जादा ट्यूबचं.

आणि ते काम तरी कसं? शनिवारी संध्याकाळी ट्यूबमधली हवा पार काढायची, पावडर चोळायची, घडी मागच्यापेक्षा निराळ्या जागी घालायची, म्हणजे रबर एकाच रेघेवर चिरत नाही. मग ती आपल्या जुन्या लोकरी मोज्यात सरकवून बाईंच्या हातात द्यायची. "पान्ह्याशेजारी ठेवू नकोस गं. घासून घासून जीव जातो बिचारीचा." बाई मान डोलवायच्या आणि त्यांच्या गालाला लागलेली पावडर पुसून टाकायच्या. या माणसाला पावडर सांडल्याशिवाय काही जमत नाही, असं त्यांना वाटायचं.

परत आल्यावर रस्ता सांगायचा. तारवाले खुर्चीत डोळे मिटून बसायचे.

"पूल आला?"

"आला. खाली नुसतं धुकं. खांब पाण्यात नाहीत, दुधात उभे आहेत असं वाटत होतं."

"मग चढ."

"चढावर आज उतरले नाही मी."

ऐकता ऐकता त्यांचे पाय खुर्चीखाली हळूहळू हलायला लागायचे. त्या पायांसाठी बाई रस्त्यात दिसेल ते गोळा करून आणायच्या, आणि सांगायच्या ओघात न दिसलेलंही थोडंफार सांगून मोकळ्या व्हायच्या.

लपवलं होतं ते एकच. मागच्या उन्हाळ्यात तळ्याजवळ चाक बसलं, मोज्यातली ट्यूब काढली, तर तिलाच भोक. व्हॉल्व्हचं टोपण लावायचं तारवाल्यांकडून राहिलं होतं, आणि त्या उघड्या टोकानं घडीतली ट्यूब टोचून ठेवली होती. बाई भाजीच्या टेम्पोत सायकल टाकून घरी आल्या आणि "दोनदा पंक्चर झालं, नशीबच फुटकं," म्हणाल्या. खरं कोणत्या तोंडानं सांगणार? उरलंसुरलं एवढं एक काम, तेही सोडून ते भिंतीकडे बघत बसले असते. शेवटी त्यांनी गुपचूप एक नवी ट्यूब आणली आणि सीटखालच्या पिशवीत तळाशी दडवली. वर मोजा, दिसायला.

त्याला आता वर्ष होत आलं होतं. या रविवारी धुकं इतकं होतं, की रस्ता चाकाखाली आल्यावरच दिसायचा. आपण पेडल मारतोय की झोपेत कुणी पाळणा हलवतंय, तेही बाईंना कळेना. झाडं, कुंपणाचे खांब, एक पांढरं कुत्रं, सगळी धुक्यातून पुढे यायची आणि काही न बोलता मागे जायची. हे यांना कसं सांगावं, याची जुळवाजुळव मनात चालली होती, तेवढ्यात मागचं चाक बसलं.

बाईंनी मोज्याला हातही लावला नाही. पिशवीच्या तळातून आपली नवी ट्यूब काढली, टायर उचकटून आत बसवली, पंप मारला. हवा भरली आणि निघून गेली. पुन्हा भरली, पुन्हा तेच. ट्यूब बाहेर काढून बघतात तर तिच्यावर एक गुळगुळीत चट्टा, आणि मधोमध बारीक भोक. पान्हा! ना मोजा, ना पावडर, इतके दिवस ती पान्ह्याला घासत पडली होती. दर शनिवारी जे करू नकोस म्हणून बजावलं जायचं, बाईंनी नेमकं तेच करून ठेवलं होतं.

राहिला मोजा. तो त्यांनी आशा सोडूनच उघडला. व्हॉल्व्हवर टोपण घट्ट होतं. त्यावर आणखी एक टोपी होती, पडद्याच्या चिंधीची, वेडेवाकडे टाके घालून शिवलेली. ज्यांना बटण लावता येत नव्हतं त्यांनी सुई कशी धरली असेल, ते बाई बघतच राहिल्या. मग ट्यूब बसवली, हवा भरली आणि अंगठ्यानं टायर दाबून पाहिला. हवा टिकली होती.

घरी आल्यावर तारवाल्यांनी नेहमीसारखा हात पुढे केला. मोजा रिकामा होता. तो त्यांनी दोनदा चाचपला.

"वापरलीस?"

"वापरली. तिनंच घरी आणलं."

"चाकातली ही. मग ही दुसरी हातातली कुणाची?"

बाईंना वाटेत सुचलेलं सगळं खोटं विसरायला झालं. "माझी. तुमच्या ट्यूबवर भरवसा नव्हता माझा. मागच्या उन्हाळ्यापासून."

ती ट्यूब घेऊन तारवाल्यांनी चट्टा डोळ्यांजवळ धरला.

"पान्ह्याशेजारी?"

"हो."

"अगं, असं ठेवतात होय रबराला?" त्यांनी ठिगळाची डबी मागितली. भोक घासून बाईंनी ठिगळ लावलं. तारवाल्यांनी थोडी हवा भरली, ट्यूबला पावडर चोळली आणि ती गालाशी धरून हळूहळू फिरवू लागले, डोळे मिटून, रस्ता ऐकताना बसायचे तसे.

"अहो, हे काय करताय?"

"बोटांना कळत नाही आता. गालाला कळतं, बारीकशी हवा आली तरी." मग म्हणाले, "भोकाची जागा मी तेव्हाच बघितली होती. टेम्पोतून आलीस त्या दिवशी. तूही बोलली नाहीस, मीही नाही."

बाईंना रडू आलं. दर शनिवारी आपण काय पुसून टाकत होतो, ते त्यांना आत्ता कळलं.

"कपाटात जोडीतला दुसरा मोजा आहे बघ," तारवाले म्हणाले. "पुढच्या रविवारी दोन्ही ने. तळ्याच्या पलीकडे काय आहे ते एकदा सांग मला."

बाईंनी मोजा आणून दिला. तारवाल्यांचा गाल पावडरीनं पांढरा झाला होता. आज बाईंनी तो पुसला नाही.