टँकरच्या टेबलावर रडायचं नाही

नवा जिल्हा झाला की खुर्च्या-कपाटं मागाहून येतात, किस्से मात्र पहिल्या दिवसापासून साचायला लागतात. लातूरला आमचं ऑफिस उघडलं, पाठोपाठ दुष्काळ आला आणि आम्हाला टंचाई शाखेच्या एका खोलीत कोंबलं. कोपऱ्यातल्या केबिनमध्ये साहेब, बाहेर निलंग्याचे हेडक्लार्क बिरादारअण्णा, कारकून गायकवाड, शिपाई पाशाभाई आणि आम्ही दोघी बायका: मी आणि उमरीच्या सुशीलाबाई. "बायका फार मनाला लावून घेतात," असं साहेब दिवसाआड म्हणायचे. तेव्हा मी गप्प बसले. आता पेन्शन सुरू आहे, म्हणून बोलते.

*

आम्ही रडायला रेकॉर्ड रूममध्ये जायचो. रडायचं, तोंड धुवायचं आणि टेबलावर परत यायचं. पण पाण्याचा रांजण अख्ख्या ऑफिसात एकच! एकदा मी डोळे धुऊन आले तर अण्णा गंभीरपणे म्हणाले, "बाई, रडायला ना न्हाई. पण तोंड धुवायचं पाणी घरून आणत जावा."

मी दुसऱ्या दिवसापासून बाटली आणायला लागले. त्यातलं अर्धं पाणी अण्णाच प्यायचे.

*

साहेब स्वतः कधीच भावनेच्या आहारी जात नसत. ते फक्त पेपरवेट फेकत. म्हणून फोन वाजला की पाशाभाई सगळे पेपरवेट उचलून खिशात घालायचे. मग पंख्याने कागद उडायचे आणि साहेब कागदांवर ओरडायचे.

मी एकदा पाशाभाईंना विचारलं, "साहेबांना इतका राग का येतो हो?"

"गुस्सा नहीं बाई," पाशाभाई म्हणाले, "ये अ‍ॅडमिनिस्ट्रेशन है!"

*

अण्णांच्या थोरल्या लेकीचं लग्न झालं. पाठवणीला सगळा मांडव रडत होता आणि अण्णा वाजंत्रीवाल्यांशी हुज्जत घालत होते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात हजर! आल्या आल्या "माझ्या टाचण्या कुणी संपवल्या?" म्हणून त्यांनी सगळी शाखा डोक्यावर घेतली. पाशाभाईंनी बाजारातून नवी डबी आणून दिली, तर म्हणाले, "ह्या टाचण्या त्या न्हाईत!"

सुशीलाबाईंनी डबी बाजूला सरकवली. "अण्णा, पोरीला भेटून या. रजेचा अर्ज मी लिहिते."

अण्णांनी मुकाट्याने सही केली. त्या दिवशी मला त्या माणसाची फार माया आली.

*

कुठल्या गावाला टँकर कधी जाणार, हे ज्या टेबलावर ठरायचं ते टेबल गायकवाडांकडे होतं. एकदा गावकरी रिकाम्या घागरी बडवत आत शिरले. गायकवाड रडले नाहीत. ते मागच्या दाराने निघून थेट मुदखेडला सासुरवाडीला गेले आणि तिथून त्यांनी बीपीचं सर्टिफिकेट पाठवलं.

ते टेबल सुशीलाबाईंनी मागितलं. नोकरीला लागल्यापासून त्या आवक-जावकमध्ये पाकिटं चिकटवत होत्या. स्वतःच्या जबाबदारीचं टेबल त्यांना फार मनापासून हवं होतं.

साहेब म्हणाले, "तिथं शिव्या खाव्या लागतात. तुम्ही रडाल."

"न्हाई रडणार."

"एकदा जरी रडलात तर परत आवक-जावक!"

"हाव साहेब."

आणि बाईंनी ते टेबल चालवून दाखवलं. कुणी ओरडत आलं की त्या पेन खाली ठेवून त्याच्याकडे नुसत्या बघत राहायच्या. तो दमला की म्हणायच्या, "झालं? आता गावाचं नाव सांगा." टँकर वेळेवर सुटायला लागले. अण्णासुद्धा म्हणाले, "बाईला जमलं की!"

*

मग एके दिवशी एका गावचे सरपंच आले. लाल पटका, भरघोस मिशा. त्यांच्यामागून आलेली गावची माणसं दारातच थांबली. सरपंचांनी टेबलावर मूठ आपटली आणि बाईंच्या सगळ्या खानदानाचा उद्धार केला. बाई बघत राहिल्या.

"झालं? आता बसा. विहीर कधी आटली?"

सरपंच बसले. "बाई, सुनेला वाटीनं पाणी भराया खाली उतरविली. मीच उतरविली. पडली की वो ती. पोटुशी हाय..."

पुढचं त्यांना बोलता येईना. पटक्याच्या टोकात तोंड खुपसून तो माणूस हमसून हमसून रडायला लागला. बाई उठल्या आणि सरपंचांच्या खुर्चीच्या आणि दाराच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या.

आवाज केबिनपर्यंत गेला होता. साहेब बाहेर आले. "आत्ता कोण रडत होतं?"

दारातली माणसं माना उंच करून बघायला लागली. सरपंच खाली फरशीकडे बघत होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाईंनी मला नजरेनंच दाबलं.

"मी, साहेब," बाई म्हणाल्या.

साहेबांनी सरपंचांना विचारलं, "बाई रडत होत्या?"

सरपंचांनी पटका सारखा केला, मिशीवरून हात फिरवला.

"हाव साहेब, लई रडल्या. बाईमाणूस हाय, चालायचंच!"