अर्ध्या पिक्सेलने अडलेलं पार्किंग

चहाचा घोट आधी गिळून घ्या, कारण या किश्शात मी बराच वेळ हुशार असते आणि मग नसते.

कोथरूडला आमच्या सोसायटीत झाकलेल्या पार्किंगची सोडत निघणार होती. नवे नियम वाचून ‘मान्य’ म्हणेल, त्याचीच चिठ्ठी डब्यात. मी वेबसाइट बनवते, म्हणून नियमांचं पान माझ्याकडे आलं. पुण्यात नियम लावतात सगळे, वाचतं कोण? मी अशी युक्ती केली की पान अगदी तळापर्यंत सरकवल्याशिवाय ‘मान्य’चं बटण उमटणारच नाही. बाबांनी हे लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगितलं. खोटं कशाला बोलू, मीही सांगितलं.

मग दुसऱ्या मजल्यावरच्या साळवे मॅडमचा फोन आला. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. बटण दिसत नाही म्हणाल्या. मी गोड आवाजात सुचवलं की शेवटपर्यंत वाचा. त्यांनी वाचलं, पुन्हा फोन केला. मी पुन्हा तेच सुचवलं. हळूहळू आणखी घरांतून तीच तक्रार आली. मला काय वाटलं असेल? अहो, आनंद झाला! माझं पान न वाचणाऱ्यांना पकडत होतं. सोसायटीच्या ग्रुपवर मी लिहूनही टाकलं, की वरवर चाळणाऱ्यांना बटण दिसत नाही.

सोडतीच्या सभेत साळवे मॅडम उठल्या आणि आपला टॅब माझ्या हातात ठेवला.

“आपण वाचून दाखवा. चाळू नका.”

मी मोठ्याने वाचत तळाला पोचले. बटण नाही. बोटाने पान आणखी रेटलं. तरी नाही. सगळी सोसायटी माझ्याकडे बघतेय.

घाम फुटला, तेव्हा कुठे डोकं चाललं. पान किती सरकलं, हे प्रत्येक ब्राउझर आपापल्या पद्धतीने सांगतो. तळाला पोचल्यावर माझ्या लॅपटॉपवरचा पूर्ण आकडा द्यायचा, मॅडमच्या टॅबवरचा अर्धा पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचा अर्धा ठिपका, कमी. आणि मी अट घातलेली, बरोब्बर तळ! म्हणजे त्या माउलीने प्रत्येक वेळी सगळं वाचलं होतं.

मी तिथेच लॅपटॉप उघडला, एका पिक्सेलची सूट दिली, आणि टॅबवर बटण उमटलं. टाळ्या पडल्या. बाबांनी तर उभं राहून वाजवल्या. मी ऐटीत बसणार, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, “शेवटून दुसरा नियम पुन्हा वाचता का जरा?”

मघाशी माझे डोळे बटण शोधत होते. आता नीट वाचला. ज्या घराकडे आधीच झाकलेली जागा आहे, त्या घराला सोडतीत भाग नाही.

आमच्याकडे होती. बाबांची गाडी तिथेच उभी असते.

“आणि आपण मान्य केलंय?”

“हो.”

“वाचून?”

माझी चिठ्ठी डब्यातून काढली गेली, बटणासाठी अडकलेल्यांच्या आत पडल्या. जागा मॅडमना लागली, माझी स्कूटर अजून उन्हात असते.

पण अभिमानाने सांगते, नियम घराघरांत शेवटपर्यंत वाचले गेले, अशी पुण्यात आमचीच सोसायटी असेल. ते माझ्या पानामुळे. न वाचणारी एकच निघाली, आणि ती पान बनवणारी होती.