विमलकाकूंनी अंथरलेली रुबार्बची पानं

आपलं बरोबर होतं म्हणून तुम्ही शेवटचं कुणाला गप्प बसवलंत? नाव आठवतंय?

मला आठवतंय, विमलकाकू. २०२१च्या मे महिन्यातल्या एका रविवारी शेजारचा निखिल आमच्या दोन बागांमधल्या लाकडी कुंपणापाशी आला आणि म्हणाला, "आई गेली. अमरावतीला, पहाटे." तो इथे परदेशात, टॅला नावाच्या उपनगरातल्या हॉस्पिटलात प्रयोगशाळेत काम करतो. वर्षभर इतरांचे कोविडचे नमुने तपासले, आणि आईला दिलेला अग्नी मात्र फोनवर पाहिला. अंतर पाळायच्या नियमामुळे मला त्याच्या खांद्यावर हातही ठेवता येईना.

निखिलची आई, म्हणजे विमलकाकू, २०२०च्या फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आल्या होत्या, नातीला बघायला. मग विमानं थांबली आणि काकू इथेच अडकल्या. मुलगा कामावरून आला की घरच्यांना लागण नको म्हणून मागच्या खोलीत एकटा जेवायचा, सून दिवसभर लॅपटॉपपुढे, आणि सात वर्षांची इरा आजीच्या प्रत्येक प्रश्नाला "ग्रँड, आजी", म्हणजे इथल्या बोलीत 'छान', एवढंच म्हणायची. काकूंच्या हातात उरलं होतं स्वयंपाकघर.

एप्रिलमध्ये बागेच्या कोपऱ्यात आधीच्या भाडेकरूने लावलेला रुबार्ब फुटला. लाल देठ, हत्तीच्या कानाएवढी पानं. वऱ्हाडात अळूला धोपा म्हणतात. काकूंना परदेशात धोपा भेटला! त्यांनी अख्ख्या पानांवर बेसन थापलं, गुंडाळ्या केल्या, उकडल्या, तळल्या, आणि पहिली ताटली कुंपणाच्या खांबावर ठेवून त्या चार पावलं मागे सरकल्या.

"अवं पोरी, धोप्याच्या वड्या. गरम हायत तोवर खाय. एकटी रायतेस, कोण देते तुले?"

"इथे अळू कुठे मिळालं, काकू?"

त्यांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. मी फोनवर शोधलं आणि किंचाळले. रुबार्बचे देठ खातात, पानं विषारी. उकडून किंवा चिंच घालूनही ते विष जात नाही. सुदैवाने अजून कुणी घास घेतला नव्हता. इथवर मी चुकले नाही. पण मी ती ताटली त्यांच्या डोळ्यांदेखत कचऱ्याच्या डब्यात उपडी केली आणि म्हणाले, "तुमचा मुलगा तिकडे मरमर राबतोय, आणि तुम्ही त्याच्याकडे आणखी पेशंट पाठवताय?"

"मले काय मालूम, माय... चिंच तं टाकली होती," काकू म्हणाल्या. पदराला हात पुसत राहिल्या.

आमच्या घरी गोष्टींच्या पुस्तकांआधी वडिलांच्या युनियनची पत्रकं यायची. चूक दिसली की चारचौघांत मांडायची, हे मी त्यांतूनच शिकले. त्याच संध्याकाळी इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर मी पत्रक टाकलं: 'परक्या बागेतली पानं, सावधान!' त्यात 'शेजारच्या एक काकू' होत्या. नाव नव्हतं, पण कोण ते सगळ्यांना कळलं. शेवटची ओळ होती, रुबार्बची पानं बागेत ठेवूच नका. अंगठ्यांचा पाऊस पडला. कुणीतरी लिहिलं, 'विषवडी स्पेशल, घरपोच मिळेल का?' मी हसण्याचं चिन्ह टाकलं. हो, मीच.

काकूंनी पुन्हा कुंपणावर ताटली ठेवली नाही. सुनेने स्वयंपाक हातात घेतला, वाईट हेतूने नाही, भीतीने. काकू बागेत बसू लागल्या. जूनमध्ये पाहिलं तर त्या रुबार्बची कापलेली पानं वाफ्यांमध्ये पालथी अंथरत होत्या.

"काकू! विष आहे ते, फेकून द्या!"

त्यांनी मानही वर केली नाही. "खाऊन नाही रायले मी. याच्यानं गवत दबते, सडलं की खत होते. जाय, लिव तुह्या कागदावर."

मी पुन्हा शोधलं. काकू बरोबर होत्या. पानं मातीवर अंथरली, खतात टाकली तर काही बिघडत नाही. माझी शेवटची ओळ चुकीची होती. दुसऱ्याची चूक मी त्याच संध्याकाळी छापली. स्वतःची दुरुस्ती मात्र फोनमध्ये अर्धवट लिहून ठेवली... जवळपास वर्षभर.

पुढच्या फेब्रुवारीत काकूंना तिकीट मिळालं. टॅक्सी दारात होती, मी मीटिंगमध्ये. कानावर हेडफोन तसाच ठेवून खिडकीतून हात हलवला. अमरावतीला पोचल्या की फोन करू म्हटलं. नंबर निखिलने दिला होता. केला नाही. काय बोलायचं, ते सुचत नव्हतं.

गेल्या आठवड्यात निखिल रुबार्ब कापत होता. पानांचा ढीग बघून म्हणाला, "यांचं काय करायचं गं?" मी प्रथमच कुंपणाला वळसा घालून त्यांच्या बागेत गेले. आम्ही दोघं वाकून एकेक पान पालथं घालत गेलो, देठाची बाजू आत, काकू ठेवायच्या तशी. घरी येऊन मी दुरुस्ती ग्रुपवर टाकली, या वेळी काकूंचं नाव घालून. अंगठे फार आले नाहीत.

म्हणून ही विनंती. घरात किंवा शेजारी असं एक माणूस असेल, ज्याला तुम्ही योग्य कारणाने पण नको तसं बोललात आणि ज्याने तेव्हापासून तुम्हाला काही दिलं नाही, तर हे पान मिटून त्याच्या दारात जा. लांब असेल तर आत्ता फोन लावा. काय बोलायचं ते ठरवत बसू नका. एवढंच म्हणा, "भूक लागलीय, काहीतरी करून घाला ना." आणि जे ताटात येईल ते काय आहे ते नीट विचारून, पोटभर खा.