दांड्याची बोट

पेट्रोलचा वास आला की मला धरणाच्या काठावरची ती सकाळ आठवते. आमच्या मच्छीमार संस्थेला अ‍ॅल्युमिनियमची एकच बोट मिळणार होती आणि विक्रेत्याने दोन आणल्या होत्या. एकीला कारसारखं स्टिअरिंग होतं, दुसरी मागच्या इंजिनाचा दांडा धरून वळवायची. अध्यक्षांनी जन्मात जाळं ओढलं नव्हतं. बूट ओले होतील म्हणून त्यांनी बोट पाण्यात उतरवूच दिली नाही. काठावरच गॉगल लावून ते स्टिअरिंगमागे बसले आणि फोटो काढून घेऊ लागले. बाबा चाचरत म्हणाले, "भाऊ, दांड्याची घेऊ. दोन्ही हात जाळ्यात असले का दांडा मांडीनं दाबता येते. स्टेरिंगले तिसरा हात कुठून आणू?" अध्यक्ष खो-खो हसले. "तुले काय समजते बे? पोराले विचार, कालेजात शिकून राह्यला." सगळे माझ्याकडे पाहू लागले. वल्हं मांडीखाली दाबून जाळं ओढणाऱ्या बाबांना मी लहानपणापासून पाहत होतो. तरी मी हळूच म्हणालो, "स्टिअरिंगची जास्त आधुनिक वाटते." संस्थेने तीच घेतली. ती बोट आता काठावर पालथी पडून आहे आणि बाबा वल्ह्याच्या जुन्या डोंग्यातच मासे धरायला जातात. अध्यक्षांचा मला अजूनही तिटकारा येतो. पण त्यांना खरंच माहीत नव्हतं. मला माहीत होतं.