जाऊबाईंचे आंब्याचे डोहाळे

लढाईच्या दिवसांत आमच्या उत्तनला एक सरकारी डॉक्टर आले. माझ्या थोरल्या जाऊबाईंना तेव्हा सातवा महिना होता आणि दिवस मावळला की त्यांना काही म्हणता काही दिसत नसे. "रातचं पोर रडलं तर शोधू कुठं त्याला?" हाच एक घोर त्यांना लागला होता.

डॉक्टर म्हणाले, "हे रातांधळेपण. अ जीवनसत्त्व कमी पडतंय. पिवळी फळं द्या. पपई, आंबा."

सासूबाईंनी पपईला तिथल्या तिथे हद्दपार केलं. पोटुशी बाईला पपई म्हणजे त्यांच्या लेखी विषच. आंबा उष्ण, म्हणून तोही बाद. मग थोरले दीर पुढे सरसावले. त्यांची केळीची बाग होती आणि बागेपलीकडे त्यांना जग नव्हतं.

"पिवळंच पायजे ना? मग केळ्याहून पिवळं काय हाय?"

"अहो, आतला गर पिवळा हवा, केशरी हवा. सालीचा काय उपयोग?"

"साल काय आमी वरून चिकटवली, डॉक्टर?"

विज्ञान केळ्यांची फणी काखोटीला मारून निघून गेलं.

त्यानंतर जाऊबाईंना सकाळी केळं, दुपारी केळं आणि दिवेलागणीला पायरीवर आपटणं. शेवटी त्यांनी मला चुलीपाशी गाठलं.

"बये, केळ्यानं पोट फुगतंय, नजर काय येत न्हाय. काय तरी कर."

"तुम्हाला डोहाळे लागलेत, जाऊबाई."

"कसले?"

"आंब्याचे. आत्ताच लागले."

पोटुशीचे डोहाळे अडवले तर बाळाची लाळ जन्मभर गळते, अशी आमच्याकडे पक्की समजूत. जाऊबाईंनी खांबाला मिठी मारली, डोळे पांढरे केले आणि "आयो, आंबा!" असा टाहो फोडला, की शेजारणी धावून आल्या. पुढे काय? नातवाच्या लाळेला घाबरून सासूबाईंनी स्वतः रायवळ आंब्यांची पाटी आणली. जाऊबाई रोज कोपरापर्यंत रस ओघळवत आंबे चोखू लागल्या.

काही आठवडे गेले. एका तिन्हीसांजेला, दिवा लागायच्या आधी, त्या माजघरातून ताठ चालत आल्या आणि दिरांना म्हणाल्या, "तो घड वाटंतून उचला की! दिसत न्हाय का तुमाला?"

सासूबाईंच्या डोळ्यांना पदर लागला. दीर घड उचलून अंगणात धावले आणि गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "बगा! केळ्यानं गुण दिला!"

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या अंधारातही बरोबर माझ्याकडेच.